तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रेसकोडमध्ये जात कुठून आली?

कुठल्यातरी देवस्थानाने कपड्यांचा बोर्ड लावला की हा प्रश्न मला येतोच. मे २०२३ मध्ये तुळजापूरला लागला होता, हाफ पँट वगैरे चालणार नाही म्हणून, आणि टीका झाल्यावर काही तासांत मागेही घेतला, मग जानेवारी २०२५ मध्ये सिद्धिविनायकाचा नियम आला. मी काही बोललो की समोरून ठरलेलं वाक्य, "अरे नियम सगळ्यांना सारखाच आहे ना, तू त्यात जात कशाला घुसवतोस?"

तर ऐका. हाफ पँट घालून देवळात जाऊ नका म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, मी स्वतःही जात नाही, गेलो असतो तर आईने फोडून काढलं असतं.

पण काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या ग्रुपबरोबर केरळला गेलो होतो. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांनी मुंडू (तिकडचं लुंगीसारखं धोतर) नेसायचं आणि वर उघडं. आम्ही बाहेर मुंडू गुंडाळत एकमेकांच्या ढेऱ्यांवर हसत होतो आणि तेवढ्यात एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, तुझं जानवं कुठाय?" पुजारी नाही हां, आपलाच मराठी माणूस, सहा वर्षं माझ्यासोबत डबा खाणारा. आमचं आडनाव दोनतीन जातींत सापडतं त्यामुळे त्याला इतकी वर्षं नक्की अंदाज आला नव्हता, शर्ट काढला आणि दोन सेकंदांत त्याचं काम झालं. दर्शन नीट झालं, कुणी अडवलं नाही, पण रांगेत मी देवाचं नाव घ्यायचं सोडून समोरच्या उघड्या पाठी बघत होतो, कुणाच्या पाठीवर दोरा आहे आणि कुणाच्या नाही.

तेव्हा वाटलं मीच जास्त विचार करतोय. मग ३१ डिसेंबर २०२४ ला शिवगिरी मठाचे (केरळात जातिभेदाविरुद्ध लढलेल्या नारायण गुरूंचा मठ) स्वामी सच्चिदानंद जाहीर बोलले की ही शर्ट काढायची पद्धत मुळात जानवं आहे का ते बघायलाच सुरू झाली, आता बंद करा. केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनीही त्यांची बाजू घेतली आणि मग नायर या तिथल्या वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीच्या संघटनेकडून विरोध झाला, ते होणारच होतं. तिकडे कपडा म्हणजे जातच होती हो. तिथल्याच जुन्या त्रावणकोर संस्थानात नाडर या खालच्या मानलेल्या जातीतल्या बायकांना छाती झाकायच्या परवानगीसाठी १८५९ पर्यंत भांडावं लागलं. १२ नोव्हेंबर १९३६ ला त्रावणकोरच्या महाराजांनी देवळं सगळ्या हिंदूंना उघडी केली, म्हणजे दोरा तपासायचं कारणच संपलं, पण शर्ट अजून बाहेरच राहतो.

आणि आपल्याकडे काय फार वेगळं होतं असं नाही. इथे शर्ट काढायला न लावता "आडनाव काय? गोत्र काय?" विचारतात, गोत्र माहीत नसलं की "काश्यप म्हणा" असं सांगून मोकळे होतात. माझी आजी आयुष्यभर पंढरपूरला जायची. नऊवारी, डोक्यावरून पदर, कपाळाला बुक्का, तिच्या कपड्यांत कुठल्या ट्रस्टला खोट काढता आली नसती. पण ती महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी डोकं टेकायची, कळसाला हात जोडायची आणि परत फिरायची. साने गुरुजींचं उपोषण मे १९४७ मध्ये झालं, देऊळ उघडलं, हे सगळं आजीला माहीत होतं, आम्ही कितीदा म्हटलं चल आत, तर म्हणायची, "नको बाबा, कुणी काही बोललं तर?" कायदा होऊन तोवर चाळीस वर्षं झाली होती. तिला बाहेर कशाने थांबवलं होतं, कपड्यांनी?

म्हणून मी म्हणतो की नियम सारखा असला तरी तो वाचणारा डोळा सारखा नसतो.

माझ्यासोबत डबा खाणारा तो मित्र अजून मित्रच आहे, तो म्हणतो गंमत केली होती, आणि खरंच त्याला आठवतही नव्हतं. आता ग्रुपवर तिरुपतीचा प्लॅन चाललाय, धोतर कुणाकुणाला घ्यायचं ते विचारलंय. सगळ्यांनी अंगठा दिलाय, मी मात्र मेसेज वाचून तसाच ठेवलाय.