पत्रा कापायचा तर ठिणगी नको

आमच्याकडे माकडांनी कौलांची पार वाट लावलीय, दरवर्षी मेमध्ये कौलं परता आणि जूनमध्ये परत भांडी लावून बसा, शेवटी गेल्या वर्षी म्हटलं पडवीवर सरळ पत्रेच टाकू. निळे कलरवाले, पन्हळीचे, दहा फुटी आणले. पाहिजे होते साडेआठ फुटी. फॅब्रिकेशनवाला म्हणाला मिरगाच्या आधी काही जमायचं नाही, मग शेजारच्या काकांचा चार इंची ग्राइंडर मागून आणला, पातळ चकती लावली आणि सुरू. एक पत्रा दोन-तीन मिनिटांत खलास, ठिणग्यांची नुसती आतषबाजी, मी भलताच खूश.

आणि कापत कुठे होतो तर बाकीच्या पत्र्यांच्या थप्पीवरच. येडेपणा.

पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात निळ्या पत्र्यावर चहाचे शिंतोडे उडावेत तसे तांबूस ठिपके. दुकानदाराला शिव्या घालणार होतो पण नंतर कळलं की घोळ माझाच. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेली लोखंडाची भुकटीच, ती रंगात रुतून बसते आणि पाणी लागलं की गंजते. शिवाय कापलेल्या कडेचा रंग जळतो आणि त्या रंगाखाली लोखंडावर जस्ताचा पातळ थर असतो, जस्त ४२० डिग्रीच्या आसपास वितळतं, ते तिथे कसलं टिकतंय. थंड कापलेल्या कडेला शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला सांभाळून घेतं, इथे सांभाळायला कोणी उरलेलंच नाही.

म्हणून यंदा गोठ्याकडच्या बाजूला ग्राइंडर लावलाच नाही. पत्र्याच्या कात्र्या तीन रंगांत मिळतात, पिवळी सरळ कापते, लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. पन्हळीच्या लांबीने, म्हणजे नाळेतनं, दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागातनं, उभं कापायचं असेल तर कात्रीसारखं सुख नाही, फक्त दरवेळी पाती पूर्ण मिटायची नाहीत, थोडी उघडी असतानाच पुढे सरकवायची, नाहीतर प्रत्येक चाव्याला कडेवर एक काटा राहतो. पण आडवं कापायला गेलात की संपलं, प्रत्येक उंचवट्यावर मूठ अडकते आणि पन्हळ चेपून सपाट होते.

आडव्यासाठी मी ड्रिलला लावायचा निबलर घेतला. तो कापत नाही, कुरतडतो, उंदरासारखा. वर चढतो, खाली उतरतो, पन्हळ जशीच्या तशी राहते आणि पत्रा गरमही होत नाही. मध्ये मध्ये तेलाचा थेंब सोडायचा. वेळ लागतो हं, एका पत्र्याला दहा मिनिटं धरा. खाली कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना वासे ठेवायचे, नाहीतर पत्रा मधे झोल खातो आणि निबलर फसतो.

खुणेचं एक सांगतो. रंग लावलेलं सूत ताणून मारलं तर रंग फक्त उंचवट्यांवर लागतो, नाळा कोऱ्याच. म्हणून पहिल्या पत्र्याला प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक नाळ टोकापासून वेगवेगळी मोजली, कंटाळा आला पण केलं, आणि मग तो कापलेला पत्रा पुढच्यावर पन्हळीत पन्हळ बसवून ठेवला आणि मार्करने कड ओढली. बाकीचे भराभर झाले.

गोठ्याचे जुने सिमेंटचे पत्रे मात्र कशानेच कापले नाहीत, त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ छातीत गेली की जन्माची, त्यामुळे पाणी मारून अख्खेच उतरवले.

निबलरची कटकट एकच, त्याचा कचरा. चंद्रकोरीसारखे बारीक धारदार तुकडे अंगणभर. आई म्हणाली काल तुझा चंद्र माझ्या चपलेत उगवलाय. मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून अख्ख्या अंगणात ओढत फिरलो, दोन मुठी भरतील एवढे तुकडे निघाले, आणि त्यात गेल्या वर्षी हरवलेला कुलपाचा खिळापण.