मानेतली चिप

पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. मागे एका रविवारी ऑफिसातल्या पोरांबरोबर पहिल्यांदाच रेसकोर्सवर गेला, दोनशे रुपये घालवले आणि तिथूनच मला फोन लावला.

"काका, हितं जॉकीच्या हातात राजरोस चाबूक हाय. आपल्याकडं बैलाची शेपटी पिरगाळली तरी केस. ह्यो कुठला न्याय?"

मी रिटायर्ड पशुधन विकास अधिकारी. गावाच्या भाषेत ढोरांचा डाक्टर. राहतो कोल्हापुरात, रेसकोर्स नाक्याजवळ. नाक्याला रेसकोर्स नावापुरतंच उरलंय. पार्सल घेऊन येणारी नवी पोरं विचारतात, "काका, रेस कुठं असते ओ?" मी म्हणतो, "सिग्नल सुटला की बघ."

पुतण्याला म्हटलं, चाबूक आहे, पण मोजून आहे. केंद्र सरकारचे २००१ चे नियम आहेत, खेळात वापरल्या जाणाऱ्या जनावरांच्या नोंदणीचे. त्यात रेसच्या चाबकाचं वर्णन असं केलंय की एखादा चांभारसुद्धा बघत राहील. मार सोसून घेणारी हवेची गादी पाहिजे, शिवण वर आलेली नको, मारणारा लायसनवाला जॉकी पाहिजे, हात खांद्याच्या वर जायला नको, आणि एका रेसमध्ये जास्तीत जास्त तीन वेळा. घोडं मागं पडलं असेल, जिंकायची आशाच नसेल, तर तेही नाही.

"आन बैलाला?"

बैलाला एकही नाही. ही कथा कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही, पण पुतण्याची पिढी विसरली. ११ जुलै २०११ ला केंद्रानं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत बैल घातला. या जनावरांचे खेळ करायचे नाहीत. मग ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ ला राज्यानं कायदा दुरुस्त केला, तो हायकोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतीला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. आता कलेक्टरकडं अर्ज, पन्नास हजार अनामत, धाव हजार मीटरच्या आत, डॉक्टरचा दाखला, व्हिडिओ शूटिंग. काठी, चाबूक, शॉक काही नाही. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

घोडा त्या यादीत कधी आलाच नाही. आला असता तर मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचं काय झालं असतं, हा विचार यादी करणाऱ्यांच्या मनात आला असेल की नाही, देव जाणे. मला विचाराल तर आला असेल.

घोड्याच्या रेसवर सरकारची नजर पूर्वीपासून आहे, पण चाबकाचा तो नियम सोडला तर ती घोड्यावर नाही, खिडकीवर आहे. पैज लावायची खिडकी. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा घोड्याच्या रेसला वेगळं काढतो, अट एवढीच की पैज त्याच दिवशी, ठरवून दिलेल्या त्याच आवारात लागली पाहिजे. १९१२ चा कायदा रेसकोर्सला लायसन देतो. १९२५ चा कायदा पैजेवर कर बसवतो. तिन्ही इंग्रजांचे. पुढं १९९६ ला सुप्रीम कोर्टानं मद्रासच्या खटल्यात सांगितलं की घोड्याची रेस हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ. त्यावर रेस भरवणाऱ्या क्लबवाल्यांनी पेढे वाटले असतील. पण जीएसटी आला तो सरळ २८ टक्के, आणि तो क्लबच्या कमिशनवर नाही, लावलेल्या पूर्ण पैजेवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. कोर्ट म्हणतं कौशल्य, कर मात्र कॅसिनोच्या ओळीत बसवून. महालक्ष्मीच्या जागेचा भाडेपट्टा २०१३ ला संपला, त्यानंतर वर्षानुवर्षं चर्चा कसली झाली, तर एकरांची. बाग किती, क्लबला किती. घोडा या सगळ्यात कुठं आहे ते शोधा.

घोड्याकडं बघतो क्लब. आणि खरं सांगायचं तर बारकाईनं बघतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकत असताना आम्हाला एकदा महालक्ष्मीला नेलं होतं. मी खेड्यातला, बैलाच्या शेणात वाढलेला. रेस संपली. जिंकलेला घोडा घामानं काळा पडलेला. त्याला एका बंद ठाणात नेलं, जमिनीवर भुसा टाकलेला, आणि सईस हळू आवाजात शीळ घालायला लागला. मला कळेना हे काय चाललंय. शेजारच्या सरांनी खुणेनंच गप्प बसवलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, शीळ चालूच. मग घोड्यानं मागचे पाय फाकवले आणि एका माणसानं लांब दांड्याचं ओगराळं बरोब्बर धारेखाली धरलं. दोन बाटल्या भरल्या, लाख लावली, सह्या झाल्या. एक तपासायची, दुसरी वाद झाला तर. वेदनेवरचं औषध, उत्तेजक, काहीही सापडलं तर जिंकलेलं परत आणि ट्रेनर दोषी. औषध कुणी दिलं ते नंतर. घोडा ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची.

हॉस्टेलवर आल्यावर आठवडाभर कुणी बाथरूममध्ये गेला की आम्ही बाहेरून शीळ घालायचो.

त्यानंतर तीस वर्षं घोड्याचा असा थाट परत दिसला नाही. आपल्याकडं घोडे कुठले, तर वरातीचे, रंकाळ्यावर पोरांना फेरी मारणारे, थोडे टांग्याचे आणि शौकिनांचे. सरकारी कामात घोड्याशी माझा संबंध एकाच गोष्टीसाठी यायचा, ग्लँडर्ससाठी. नाकातून पू, अंगावर गाठी, माणसालाही होतो असा वाईट रोग. रक्त काढायचं, हरयाणात हिसारच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, पॉझिटिव्ह आला तर घोडं मारायचं. त्यामुळं मला बघितलं की घोडेवाले गल्ली बदलायचे. त्यांचं चुकत नव्हतं.

आता जी गोष्ट पुतण्याला सांगितली नाही, ती इथं लिहितो.

बैलांची बंदी होती तेव्हाची. बैल बंद म्हटल्यावर जत्रा कमिट्या घोडागाड्यांकडं वळल्या. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंनी मोटरसायकली, हॉर्न, आरडाओरडा. मी तेव्हा करवीर तालुक्यातल्या एका दवाखान्यात होतो. एका गुरुवारी एक पोरगं घोडं घेऊन आलं. आमच्या दवाखान्याच्या खोड्यात म्हशी आणि बैल उभे करायची सवय, हे जनावर आत शिरलं तर पाठ वरच्या दांडीला लागायला आली. कुमेत रंगाचं, कपाळावर चांदणी, पातळ कातडं, शिरा अशा की बोटानं मोजाव्यात. वरातीचं घोडं नव्हे हे कुणीही सांगितलं असतं.

"कुठनं आणलंस?"

"पुण्याकडनं, साहेब. रेसचं हाय. दलालानं दिलं. पासपोर्ट का काय ते न्हाई म्हणला, पर त्याच्या मानंत चिप हाय म्हणतोय."

मी डाव्या बाजूनं आयाळीखाली बोटं फिरवली. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, बोटाला लागत नाही. तिच्यात पंधरा आकडी नंबर. त्या नंबरावर आईबाप, जन्मतारीख, अंगावरचे भोवरे, कुठल्या रेसमध्ये कितवा आला, सगळं क्लबच्या दप्तरात असणार. पण नंबर वाचायला यंत्र लागतं आणि ते आमच्याकडं नव्हतं. माझ्या टेबलावर म्हशींच्या कानात मारायचे पिवळे बिल्ले होते, बारा आकडी, लांबून वाचता येतील असे. म्हैस हरवली तर सापडली असती. या राजपुत्राचं नाव मला कळायला मार्ग नव्हता. पोरानं त्याला 'बुलेट' ठेवलं होतं.

पुढच्या उजव्या पायाची मागची शीर, म्हणजे टेंडन, केळासारखी फुगलेली. हात लावला तर गरम. जुनं दुखणं. त्यापायीच रेसमधून काढला असणार.

"चार महिने विश्रांती. पळवायचं न्हाई."

"व्हय साहेब. पर लंगडतंय, बघवत न्हाई. एक सुई मारा की."

मी मेलॉक्सिकॅम दिलं. सरकारी दवाखान्यात तेच असतं. डायक्लोफिनॅक २००६ सालीच जनावरांना बंद झालं, गिधाडं मरत होती म्हणून. (गिधाडांवर सरकारची नजर आहे, हेही लिहून ठेवतो.) पोरानं चार दिवसांच्या सुया मागितल्या, म्हणाला रोज घोडं आणायला टेम्पो परवडत नाही. मी दिल्या. केस पेपरवर 'विश्रांतीचा सल्ला दिला' असं ठळक लिहिलं.

रविवारी त्या पट्ट्यात घोडागाडीची शर्यत होती. मला माहीत होतं. सगळ्या तालुक्याला माहीत होतं, चौकाचौकात बोर्ड होते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. चार सुया. हिशेब माझ्या डोक्यात गुरुवारीच झाला होता, फक्त मी तो मोठ्यानं केला नाही.

बुलेट पहिला आला म्हणे. दुखतच नव्हतं, का नाही येणार? महालक्ष्मीला असता तर शीळ वाजली असती, बाटली भरली असती, आणि औषध देणारा म्हणून माझं नाव कुठं ना कुठं आलं असतं. इथं गुलाल उधळला. सोमवारी पोराचा फोन आला, घोडं पाय टेकत नाही. मी गेलो. शीर पार सुटली होती. घोट्याचा सांधा जवळजवळ जमिनीला लागलेला. घोडं तीन पायांवर उभं, घाम, आणि समोर कुणीतरी श्रद्धेनं ठेवलेली गुळाची ढेप. पायाला लाकडाच्या पट्ट्या बांधल्या. पोरगं रडत होतं, खोटं नव्हतं ते. मी त्याच्यावर ओरडलो. मला जे स्वतःला म्हणायचं होतं ते सगळं त्याला म्हटलं.

पंधरवड्यानं परत गेलो तर दावणीला म्हैस होती. "दिलं साहेब. मिरजंकडचा दलाल आलता."

तक्रार करायची तर कुणाविरुद्ध? प्राणी क्रूरता कायदा १९६० चा, त्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. आणि पंचनाम्यात माझाच केस पेपर निघाला असता. मी काही केलं नाही. पुढं २०१९ च्या पशुगणनेत आमच्या हद्दीतले घोडे मोजले, तेव्हा त्या घरापुढं रकान्यात शून्य लिहिलं.

म्हणून बैलाच्या नियमांवर लोक चिडतात तेव्हा मी गप्प बसतो. अनामत, व्हिडिओ, दाखला, तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत हेलपाटे, सगळं त्रासाचं आहे. मैदानावर दाखले कसे मिळतात हेही मला माहीत आहे. एकेका आदत, म्हणजे दुधाच्या दातांच्या, वासराचे दात बघायला वेळ नसतो, तर पाय कोण बघणार. पण निदान कागदावर बैलाला कुणीतरी वाली आहे, शर्यतीआधीही आणि नंतरही, कानातला बिल्ला घेऊन तो घरीच जातो. रेसच्या घोड्याला वाली आहे तो खिडकी उघडी असेपर्यंत. जोवर त्याच्यावर पैसे लागतात तोवर त्याची लघवीसुद्धा सीलबंद. गेटच्या बाहेर पडला की क्लब म्हणतो आमचा नाही, आणि सरकारकडं तर तो कधी नव्हताच. सरकारनं खरंच लक्ष घालायचं असेल तर त्या चाळीस टक्क्यांतला एखादा रुपया घालून तालुक्याच्या दवाखान्यात चिप वाचायचं यंत्र द्यावं, आणि घोडा विकला की नंबरासकट नोंद सक्तीची करावी. गेली कित्येक वर्षं मी ऐकेल त्याला सांगतोय. ऐकणारे बहुतेक निवृत्तच असतात.

पुतण्याला फोनवर एवढंच म्हटलं, पैसे लावू नकोस, पुढच्या रेसला चाबूक किती वेळा पडतोय ते मोज आणि मला सांग.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"काका, लय लांबनं बघावं लागतंय ओ. चाबूक दिसतच न्हाई. नुसते जॉकींच्या शर्टाचे रंग दिसत्यात."