पावत्यांवरची काळी रेघ

दुकानात मिळते ना ती गुळगुळीत पावती, तिच्यात शाई नसतेच. थर्मल पेपर असतो तो, उष्णता लागली की तेवढा भाग काळा पडतो. हे कळलं तेव्हाच ठरवलं की तापमानवाढीवर चित्र करायचं तर याच कागदावर करायचं, कारण आपण काय काय घेतलं ते यावर लिहिलेलं असतं आणि चटका दिला की ते सगळं पुसून काळं होतं.

मग ओळखीच्या सगळ्यांकडून पावत्या मागितल्या, रिकामी चिप्सची पाकिटं, तुटलेल्या चार्जरच्या वायरी, गोळ्यांच्या स्ट्रिप्स, जे मिळेल ते. पाकिटांना साधा गम धरतच नाही, सुकला की पापुद्र्यासारखा सुटून येतो, म्हणून ती तांब्याच्या तारेने शिवली. बरीचशी पाकिटं प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली असतात, ते थर वेगळे करणं इतकं अवघड की रिसायकलिंगवाले सहसा ती घेतच नाहीत. पावत्यांचं दुखणं वेगळंच, थिनरवाला गम लागला की त्या जागेवर काळ्या होतात, मग मैद्याची खळ करून चिकटवल्या, तेही ग्लोव्ह्ज घालून कारण या कागदात बिस्फेनॉल हे अपायकारक रसायन असू शकतं. प्लायच्या खालच्या भागात कचऱ्याचे थर, वर पावत्या, आणि पावत्यांवर सोल्डरिंग आयर्नने ओढलेली एक चढती रेघ, हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर १९५८ पासून मोजत आलेल्या, तापमान वाढवणाऱ्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. सुरुवातीला ३१५ पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भागांच्या आसपास, २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर.

प्रदर्शनाच्या दिवशी लोक यायचे, पाकिटांचे रंग बघून छान म्हणायचे, फोटो काढायचे आणि पुढच्या चित्राकडे जायचे. रेघेकडे कोणी बघत नव्हतं. मला खरंच वाईट वाटत होतं, कारण पाकिटं दिसावीत म्हणून नाही, ती रेघ दिसावी म्हणून एवढा खटाटोप केला होता.

दुपारी एक गृहस्थ आले, बरोबर मुलगी, असेल दहाएक वर्षांची. तिने मला विचारलं, ताई, यात बाबांचा जन्म कुठे आहे? मी त्यांचं साल विचारलं, १९८०, आणि बोट ठेवून दाखवलं, ३३९ च्या जवळ. मग तिचं दाखवलं, २०१४, जवळजवळ ३९९. तिने एक हात बाबांच्या सालावर, दुसरा स्वतःच्या सालावर ठेवला आणि म्हणाली, एवढं? बाबा म्हणाले, अगं दहा लाखात साठ, म्हणजे काहीच नाही. मी म्हटलं, दादा, आकडा छोटा वाटतो, पण बर्फात अडकलेल्या जुन्या हवेवरून गेल्या आठ लाख वर्षांचा हिशोब लागलाय, त्यात माणसाने कोळसा तेल जाळायला सुरुवात करेपर्यंत हे प्रमाण जास्तीत जास्त ३०० च्या आसपासच थांबलेलं दिसतं, त्याच्या फारसं वर कधी गेलेलं नाही. ते गप्प झाले, मग जरा चिडूनच म्हणाले, पण मी एकटा काय करणार, कचरा तर गाडीत टाकतोच की.

माझ्याकडे याचं तयार उत्तर नव्हतं आणि उगाच काहीतरी सांगावंसं पण वाटलं नाही. मला तो माणूस बेफिकीर वाटला नाही हो. कचरा गाडीत गेला की नजरेआड, हवेतला गॅस तर मुळात दिसतच नाही, मग फिकीर करायची कशाची? २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला त्यातला जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि पाकीट फाडताना हे कोणाच्या डोळ्यासमोर येणार?

मुलगी मात्र हलेना. मग आजूबाजूचे पण आपापलं साल शोधायला लागले, एक आजी १९५८ च्या आधीच्या निघाल्या, त्यांना जागाच नव्हती, तर त्यांनी प्लायच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. संध्याकाळपर्यंत पावत्यांवर बोटांचे ठसे, संयोजक पुसायला आले तर मी नको म्हटलं.

अडचण एकच राहिलीय. वरची कड मी ४३० ला धरली होती आणि मे २०२५ ची मासिक सरासरी ४३० च्या वर गेली. आता वर आणि उजवीकडे नवा प्लाय जोडायचाय, त्यासाठी पावत्या परत गोळा करतेय, आणि यावेळी रेघेखाली सालं स्पष्ट लिहिणार आहे, म्हणजे मी शेजारी उभी नसले तरी लोकांना आपलं साल सापडेल.