मोटरहोम घ्यायचंय? आधी काट्यावर चला

जर्मनीत रुळलेल्या मराठी कुटुंबाच्या खरेदीचा एक क्रम ठरलेला असतो. आधी सेकंडहँड फोक्सवॅगन गोल्फ गाडी, मग मुलांच्या सायकली, मग बाल्कनीत ग्रिल. चार-पाच उन्हाळे इथे काढले की घरातल्या कुणाच्या तरी डोक्यात मोटरहोमचा, म्हणजे आतच बेड आणि स्वयंपाकघर असलेल्या गाडीचा, किडा वळवळायला लागतो. आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो, आणि हा सगळा पट्टाच त्या किड्याचं माहेर आहे. इथून दक्षिणेला इस्नी नावाच्या गावात 1931 साली आरिस्ट डेथलेफ्स या कारखानदारानं जर्मनीतली पहिली कॅरव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बांधली. चाबूक आणि स्कीच्या काठ्या विकायला तो गावोगाव फिरायचा. होणारी बायको चित्रकार, तिलाही सोबत जायचं होतं, म्हणून हा खटाटोप. त्याच भागात बाड वाल्डझेला हायमर या मोटरहोम कंपनीचा कारखाना आहे आणि म्युझियमही आहे. वर दर जानेवारीत श्टुटगार्टला सीएमटी नावाचं पर्यटन प्रदर्शन भरतं. तिथे मुलं एकदा वरच्या बेडवर चढून बसली की उतरायचं नाव घेत नाहीत, आणि तेवढ्यात सेल्समन आपल्या हातात कॅटलॉग ठेवून मोकळा होतो.

भारतातून फोन आला की पहिला प्रश्न असतो, "कितीला पडते?" नवी, चार जणांना पुरेल अशी गाडी साठ-सत्तर हजार युरोंना सहज जाते. जुनी घ्यायची तर वय आणि अवस्थेप्रमाणे काहीही. पण किंमत हा माझ्या लेखी तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न तुमच्या लायसन्सचा, दुसरा वजनाचा, आणि दोन्ही एकमेकांत अडकलेले.

भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन लायसन्स काढावं लागतं. ते असतं बी वर्गाचं, म्हणजे 3,500 किलोपर्यंतच्या गाडीचं. शेजारचे जर्मन आजोबा 1999 पूर्वीच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची गाडी बिनधास्त चालवतात. त्यामुळे "त्यांची एवढी मोठी आहे, मग आपण का नको" हा हिशोब आपल्याला लागू नाही. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत एखादी प्रशस्त गाडी आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त दिसली, तर नोंदणीपत्रावर एफ-2 हा रकाना, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन, बघा. तिथे 3,850 किंवा 4,250 लिहिलेलं असेल, तर बी लायसन्सवर ती चालवता येत नाही. युरोपीय संसदेनं 2025 च्या ऑक्टोबरमध्ये जे नवे लायसन्स-नियम मंजूर केले, त्यांत मोटरहोमसाठी ही मर्यादा 4,250 किलोपर्यंत नेण्याची सोय आहे. पण ते देशोदेशींच्या कायद्यात उतरायला अजून काही वर्षं लागतील. त्या भरवशावर आज गाडी घेऊ नका.

आता 3,500 किलोंचा हिशोब मांडू. बहुतेक जण इथेच फसतात, आणि कॅटलॉगमधली भाषाही त्याला हातभार लावते. समजा गाडीचं 'चालू स्थितीतलं वजन' 2,980 किलो लिहिलंय. म्हणजे 520 किलो सामान भरायला मोकळे, असं वाटतं. त्या 2,980 मध्ये 75 किलोंचा ड्रायव्हर, डिझेल आणि गॅसचं एक सिलिंडर धरलेलं असतं, इथपर्यंत ठीक. पण पाणी? टाकी शंभर लिटरची असली तरी प्रवासासाठी वीसच लिटर धरायची मुभा कंपन्यांना आहे, आणि त्या ती पुरेपूर वापरतात. टाकी भरली की 80 किलो गेले. नवरा आणि दोन मुलं मिळून 150. बाहेरची छत्री, दुसरी बॅटरी, मागचा सायकल स्टँड असले 'एक्स्ट्रा' साधारण 120. दुसरं स्टीलचं सिलिंडर 22. चार सायकली 60. टेबल-खुर्च्या, वायर, पाण्याचा पाइप, चाकाखालच्या पाचरी असं किरकोळ 40. उरले 48 किलो. अजून एकही कपडा, पांघरूण, कुकर किंवा तांदळाची पिशवी गाडीत चढलेली नाही.

खरी मेख पुढे आहे. नियमाप्रमाणे कंपनीनं छापलेलं वजन आणि प्रत्यक्ष वजन यांत पाच टक्क्यांचा फरक चालतो. 2,980 चे पाच टक्के म्हणजे 149 किलो. म्हणजे तुम्ही काहीही जादा न भरता, कागदोपत्री सगळं बरोबर असताना, गाडी मर्यादेच्या शंभर किलो वर असू शकते. इटली-ऑस्ट्रियात पोलिसांनी बाजूला घेऊन वजन केलं तर दंड वेगळा आणि जादा सामान उतरवल्याशिवाय पुढे जाऊ न देणं वेगळं.

म्हणून जुनी गाडी घेताना मालकाला सरळ सांगायचं: डिझेल भरून काट्यावर या. साखर कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्यांचा काटा असतो ना, तसेच काटे इथे रिसायकलिंग केंद्रांवर आणि शेतमालाच्या गोदामांवर असतात. थोडेसे युरो देऊन पावती मिळते. आधी अख्खी गाडी, मग फक्त मागचा आक्सल, म्हणजे मागच्या चाकांवरचा भार. सायकली मागे टांगल्या की एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आक्सल ओव्हरलोड होतो, आणि त्याची मर्यादा नोंदणीपत्रावर वेगळी दिलेली असते. विकणारा काट्यावर यायला कां-कूं करत असेल, तर तेही उत्तरच समजा.

वजनाला लागूनच एक मुद्दा आपल्या लोकांसाठी खास. आई-बाबा किंवा सासू-सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात, आणि "त्यांनाही फिरवू" हा मोटरहोम घेण्यामागचा अर्धा युक्तिवाद असतो. जाहिरातीत लिहिलेलं असतं, सहा जणांची झोपायची सोय. वाचून आपण खूश. पण बेड आणि सीटबेल्ट हे दोन वेगळे आकडे आहेत. सहा बेडच्या कितीतरी गाड्यांत बेल्ट चारच असतात, आणि चालत्या गाडीत कुणी मागच्या बेडवर आडवं पडून येणं इथे चालत नाही. समजा बेल्टही सहा मिळाले, तर वरच्या हिशोबात अजून दोन माणसांचे सव्वाशे-दीडशे किलो मिळवा आणि पुन्हा बेरीज करा. शिवाय अल्कोव्हनचा, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बेड शिडीवरून गाठायचा असतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना रात्री दोनदा उठायचं असेल तर ती शिडी नुसती बघूनच त्या "मी आपली हॉटेलात बरी" म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल. माझं प्रामाणिक मत: आई-बाबांसोबतच्या महिनाभराच्या फिरण्यासाठी उरलेले अकरा महिने मोठी गाडी पोसू नये. त्या महिन्यात मोठी भाड्यानं घ्यावी किंवा जवळचं हॉलिडे होम बघावं.

भाड्याचा विषय निघालाच आहे तर, विकत घेण्याआधी भाड्यानं घेऊन बघा हे सगळेच सांगतात. मी एवढंच जोडते की जी मांडणी घ्यायची ठरवताय तीच मांडणी भाड्यानं घ्या, आणि तीही पावसाळी ऑक्टोबरात. जुलैच्या उन्हात कुठलीही गाडी छान वाटते, कारण आपण बाहेरच बसलेलो असतो. पाऊस लागला की कळतं, मुलांचे बेड उघडले की फ्रीजचं दार उघडत नाही, ओले बूट ठेवायला जागा नाही आणि बाथरूमचं दार लावून वळता येत नाही. जोडप्याला सहा मीटरची व्हॅन, जिला इथे कास्टनवागन म्हणतात, ती गावात शिरायला आणि पार्किंगला सोपी. दोन मुलं असतील तर रोज रात्री टेबल पाडून बेड करायचा कंटाळा तिसऱ्या दिवशी येतो.

स्वयंपाकाबद्दल दोन शब्द. दोनच शेगड्या, हात टेकायला वीतभर ओटा. पोहे, खिचडी, पिठलं-भात मजेत होतं. पण मोहरी-हिंगाची फोडणी आत दिलीत तर तो वास गादीच्या फोममध्ये आणि छताच्या कापडात मुरतो. पुढे विकायला काढाल तेव्हा जर्मन गिऱ्हाईक दारातच नाक वर करून हुंगेल. आम्ही बाहेर छोटी गॅसची शेगडी लावतो. शेजारच्या गाडीतली मंडळी "काय शिजतंय" विचारत येतात ते वेगळं. आणि हो, कॅसेट टॉयलेट, म्हणजे खाली सरकणारा डबा, तो दर दोन दिवसांनी स्वतः ओतायचा असतो. हे काम कोण करणार हे गाडी घेण्याआधी घरात ठरवून घ्या. आमच्याकडे त्यावर चक्क चिठ्ठ्या टाकल्या गेल्या.

आता जुन्या गाडीतला सर्वांत महागडा शत्रू: ओल. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. गाडीचा वरचा भाग बहुतेकदा लाकडी पट्ट्या, फोम आणि पत्र्याच्या थरांचा असतो. एखाद्या सांध्यातून पाणी झिरपायला लागलं की आतलं लाकूड वर्षानुवर्षं कुजत राहतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग भिंत उघडावी लागते, आणि तो खर्च कधीकधी गाडीच्या किमतीच्या घरात जातो.

म्हणून गाडीत शिरल्या शिरल्या बोलू नका, आधी वास घ्या. बंद तळघरासारखा कुबट वास आला, किंवा उलट सुगंधी फवाऱ्याचा दरवळ जरा जास्तच वाटला, तर सावध. मग वरची कपाटं उघडून आतले कोपरे अंगठ्यानं दाबा. छताच्या खिडकीच्या चौकटीभोवती, मागच्या दिव्यांच्या वर, अल्कोव्हनच्या पुढच्या कोपऱ्यात. भिंत घट्ट लागायला हवी. वॉलपेपर फुगलेला, सुरकुतलेला किंवा दाबल्यावर मऊ लागला तर तिथे ओल आहे किंवा होती. दाराजवळ आणि शॉवरच्या बाहेर पायाच्या टाचेनं जमीन दाबून बघा. बाहेरून एकाच सांध्यावर ताजं पांढरं सिलिकॉन दिसलं तर ते का लावलं, ते विचारा. ओल मोजायचं साधं यंत्र तीस-चाळीस युरोंत मिळतं. त्याचा आकडा फार अचूक नसतो, पण एका भिंतीवर वेगवेगळ्या जागी टेकवून बघितलं तर कुठे आकडा उडी मारतो ते समजतं. बऱ्याच कंपन्या गळतीची हमी टिकवण्यासाठी दरवर्षी वर्कशॉपची तपासणी मागतात. त्या शिक्क्यांची वही मालकाकडे आहे का, मधली वर्षं गाळलेली आहेत का, ते पाहा.

बाकी तपासणी पटापट. टाकीत पाणी भरून पंप, बॉयलर, शॉवर सगळं चालवून दाखवायला सांगा. "हिवाळ्यात पाणी काढलंय, आता दाखवता येत नाही" हे ऐकून घेऊ नका, कारण थंडीत पाणी आत राहून गोठलं की पाइप आणि बॉयलर फुटतात आणि नेमकं तेच तपासायचंय. गॅसवर चालणारा फ्रीज थंड व्हायला कित्येक तास घेतो, म्हणून तो आदल्या रात्रीच सुरू करून ठेवायला सांगा. टायरवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंकी आकडा असतो. 1418 म्हणजे 2018 सालचा चौदावा आठवडा. मोटरहोम वर्षातले बहुतेक दिवस उभीच असते, त्यामुळे नक्षी कोरी दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. इंजिन बहुधा फियाट डुकाटोचं, त्याची कुठलीही चांगली वर्कशॉप तपासणी करते. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा.

कागदांत नोंदणीपत्राचे दोन्ही भाग, गाडीची नियमित तांत्रिक तपासणी आणि गॅसचं पिवळं पुस्तक. गॅसची दर दोन वर्षांची तपासणी 19 जून 2025 पासून इथे कायद्यानं सक्तीची आहे. डीलरकडून घेतलीत तर जुन्या गाडीवरही निदान वर्षभर दोषांची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर राहते. खासगी विक्रेता ती करारात लिहून झटकू शकतो आणि झटकतोच. म्हणून तिथे भाव कमी. एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेचा छापील करार फुकट मिळतो, तोच वापरा. आणि गाडी न बघता "बुकिंगसाठी" कुणालाही पैसे पाठवू नका, फोटो कितीही गोड असोत.

उभी कुठे करणार? साधारण तीन मीटर उंचीची गाडी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जात नाही. 3.5 टनांपर्यंतची गाडी रस्त्यावर लावता येते, पण वर्षाचे ठरावीक महिने चालणारी स्वस्त सीझन नंबर प्लेट घेतलीत तर उरलेल्या महिन्यांत ती सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. मग गावाबाहेर शेतकऱ्याच्या जुन्या कोठारात जागा भाड्यानं घ्यावी लागते, आणि त्यांची यादी सप्टेंबरातच भरते. विमा, कर, तपासण्या यांत हे भाडंही धरा, आणि मग वर्षाचा आकडा किती रात्री वापरणार त्यानं भागा. आमच्या ओळखीच्या दोन घरांनी हा भागाकार करून गाडी अर्धी-अर्धी घेतली. सुट्ट्यांच्या तारखांवरून थोडी कुरबुर होते, पण चाललंय बरं.

बघायला नोव्हेंबर-डिसेंबरात निघा. मार्चमध्ये ऊन पडलं की अख्खा जर्मनी गाडी शोधायला लागतो आणि भाव चढतात. हिवाळ्यात मालकाला कोठाराचं भाडं वाचवायचं असतं. सोबत टॉर्च, ओल मोजायचं यंत्र, जमिनीवर आडवं पडून खालचा भाग बघायला जुनी चटई आणि वरच्या बेडवर झोपणारं माणूस एवढं न्या. त्या दिवशी पाऊस असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका.