सतरा नंबरचं मशीन

एका कॉलेजच्या लॅबमध्ये २४ मशीनवर डेबियन १२ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची होती. सगळीकडे तीच नेटइन्स्टची (बाकीचं नेटवरून उतरवणाऱ्या इन्स्टॉलरची) पेनड्राइव्ह, तोच मिरर (पॅकेजेस ठेवलेला सर्व्हर), तोच नेटवर्क स्विच. २३ मशीन सरळ झाली. १७ नंबरचं मात्र सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्याच्या टप्प्यावर लाल पडदा दाखवून थांबायचं.

त्या लाल पडद्यावर कारण कधीच लिहिलेलं नसतं. ते ऑल्ट-एफ४ दाबल्यावर लॉगमध्ये दिसतं. ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर सोबत कंट्रोलही दाबायचं. तिथे ओळ होती, 'हॅश सम मिसमॅच'. हॅश म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेला ठसा; एक बिट बदलला तरी तो बदलतो. तेवढं वाचूनच सोबतच्या तंत्रज्ञाने एपीटीच्या (पॅकेजेस उतरवणारं डेबियनचं साधन) याद्यांचं फोल्डर रिकामं केलं, मिरर बदलला, दोनदा परत चालवलं. इंडेक्स, म्हणजे पॅकेजेसची ती यादी, शिळा असेल तेव्हा हा उपाय बरोबरच आहे. पण इथे चूक इंडेक्सची नव्हती, उतरवलेल्या डेब फाइलची, म्हणजे खुद्द पॅकेजची होती, आणि हे त्याच लॉगमध्ये दोन ओळी खाली लिहिलेलं होतं. एररची एकच ओळ वाचून हात चालवायची ही सवय मला खरंच खटकते.

एपीटी अशा वेळी अपेक्षित फाइलचे हॅश आणि मिळालेल्या फाइलचे हॅश, दोन्ही छापतं, सोबत आकारही. आकार बाइटपर्यंत जुळत होता. नेटवर्कमधल्या प्रॉक्सी सर्व्हरने मध्येच लॉगिनचं पान घुसवलं असतं तर तो जुळला नसता. परत चालवलं, तर त्याच पॅकेजचा मिळालेला हॅश आणखी वेगळा. तिसऱ्या खेपेला ते पॅकेज नीट उतरलं आणि पुढच्यावर डीपीकेजी (उतरवलेलं पॅकेज उघडून बसवणारं साधन) अडलं: 'कॉम्प्रेस्ड डेटा इज करप्ट'. दर वेळी वेगळी जागा, आणि शेजारची २३ मशीन स्वच्छ. म्हणजे बिघाड डब्याच्या आत.

ऑल्ट-एफ२ वरून शेल (कमांड टाइप करायचा पडदा) उघडलं, टार्गेटमध्ये, म्हणजे डिस्कवर बसत असलेल्या सिस्टिममध्ये, चरूटने शिरलो आणि ६०० एमबीच्या वरची एक फाइल डिस्कवर कॉपी करून तिचा एसएचए-२५६ हॅश काढायला लागलो. इथे एक गोष्ट सुटते. एकदा वाचलेली फाइल कर्नल मेमरीत धरून ठेवतो, त्यामुळे लगेच परत हॅश काढला तर तीच प्रत मोजली जाते आणि उत्तर बहुधा सारखंच येतं. म्हणून दर वेळी आधी सिंक (राहिलेला डेटा डिस्कवर लिहायचा), मग ड्रॉप-कॅशेसमध्ये ३ लिहायचा (मेमरीतली प्रत टाकून द्यायची), मगच हॅश. पाच वेळा काढला. तीन सारखे, दोन वेगळे.

डिस्क की रॅम एवढंच उरलं. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ लावलं, पहिल्याच पासमध्ये एरर. ४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅमच्या पट्ट्या होत्या. काढून रबराने कॉन्टॅक्ट घासले, परत बसवल्या, तरी तेच. मग एकेक लावून बघितली. एक स्वच्छ, दुसरीत दर पासला एकाच बिटवर एरर.

खराब पट्टी काढल्यावर 'आता डीपीकेजी कॉन्फिगर चालवून पुढे जाऊ', म्हणजे अर्धवट राहिलेली पॅकेजेस तेवढी पूर्ण करू, असं सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं. डीपीकेजी व्हेरिफाय पॅकेजमधल्या फाइली एमडी५ हॅशच्या यादीशी ताडतं, पण ती यादीसुद्धा त्याच रॅममधून डिस्कवर गेलेली. डिस्क फॉरमॅट केली आणि पहिल्यापासून टाकलं. एका पट्टीवर विनातक्रार झालं.

निघताना लॅब असिस्टंट म्हणाला, "सर, ते तीन महिन्यांपासून हँग होत होतं. रिस्टार्ट केलं की चालायचं." प्रॅक्टिकलचे मार्क याच मशीनवर भरले जायचे. एपीटी प्रत्येक फाइलचा हॅश तपासतं म्हणून पट्टी सापडली. मार्कांची शीट सेव्ह होताना असं कुणी तपासत नाही. हँग होणं दिसतं, आठाचा नऊ झालेला दिसत नाही. तीन महिन्यांतले मार्क कागदावरच्या यादीशी ताडून बघा, असं लॅब इनचार्जना लेखी दिलंय. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.