कोबेचा मोडका धक्का

जपानचं वेड माझ्या बायकोचं. क्योतोची देवळं, नाराची हरणं, ओसाकाची गर्दी, सगळं यथासांग पाहून झालं. पण लिहावंसं वाटतंय ते कोबेबद्दल, आणि कोबेतही बंदरावरच्या जेमतेम साठ मीटरच्या एका तुकड्याबद्दल.

ओसाकाहून जेआरची जलद गाडी वीस-बावीस मिनिटांत कोबेच्या सान्नोमिया स्टेशनला पोचवते. पुढे आईच्या गुडघ्यांसाठी टॅक्सी केली. मेरिकेन पार्कमध्ये पाण्याच्या काठाला ‘बी कोबे’ ही भलीमोठी पांढरी अक्षरं आहेत. फोटोसाठी रांग होती, लेक आणि बायको रांगेत लागल्या. आई मात्र थोडं पलीकडे जाऊन कठडा धरून उभी होती.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी इथे भूकंप झाला. ६,४३४ माणसं गेली. बंदर पुन्हा बांधलं, पण धक्क्याचा हा तुकडा मोडला तसाच ठेवलाय. काँक्रीटचे ठोकळे पाण्यात कललेले, दिव्यांचे खांब तिरपे, भेगांतून समुद्राचं पाणी आत-बाहेर करतंय. तिकीट नाही.

आईचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव उशिरा निजलेलं. तिचे काका-काकू त्या रात्रीच्या भूकंपात माळवदाखाली, मातीच्या सपाट छपराखाली, गेले. घरात हा विषय ती कधीच काढत नाही. इथे तिने आपणहून विचारलं, “बाबा, ह्यांची घरं कशाची होती रं?”

मी वाचलेलं सांगितलं. जुनी लाकडी घरं, वर मातीच्या थरात बसवलेली जड कौलं. खालचा सांगाडा हलला आणि छप्पर बसलं. नागाता भागात वर आग लागली ती वेगळीच.

“म्हंजे हितं बी वरचंच वजन अंगावर आलं,” आई म्हणाली. मग कठड्यावर हात आडवा ठेवून तिने बोटांपासून कोपरापर्यंतचं माप दाखवलं. “एवढी माती असायची माळवदावर. दरसाली वर नवी टाकायचे, गळू नये म्हणून. जुनी कुणी काढायचं न्हाई.” भिंती दगड-मातीच्या, त्यावर हे ओझं. इतक्या वर्षांत मला हे कुणी असं समजावून दिलं नव्हतं.

“मग जगल्याली माणसं कुठं ऱ्हायली?”

तात्पुरत्या घरांत, म्हटलं. बऱ्याच जणांना ती सोडतीने मिळाली, त्यामुळे जुनी आळी विखुरली. म्हातारी माणसं एकेकटी पडली, काही तर घरात एकटीच मरून गेली, उशिरा कळलं. शेवटचं कुटुंब तिथून बाहेर पडायला २००० साल उजाडलं. आई बराच वेळ बोलली नाही. मग भूकंपानंतर वसवलेल्या मामाच्या नव्या गावाबद्दल सांगत राहिली. रस्ते रुंद, घरं पक्की, पण जुन्या गावात मामी भिंतीवरून वाटी द्यायची, आता शेजारणीकडे जायला दोन रस्ते ओलांडावे लागतात. गाव उठवताना हा हिशेब कुणी मांडला नाही, याचा तिला आजही राग आहे. मलाही आला.

तेवढ्यात आपल्याकडचाच एक टूरचा गट आला. गाईडने घड्याळ दाखवलं, सगळे अक्षरांपाशी फोटो काढून बसकडे परतले. धक्क्याकडे कुणी वळलंच नाही. मला फार वाईट वाटलं. इतक्या लांब आणून माणसांना हेच दाखवायचं नाही?

कितानोच्या टेकडीवरचं संगमरवरी जैन मंदिर धावतपळत पाहिलं. तिथून आईच्याच आग्रहाने हिगाशी युएन्ची बागेत गेलो. तिथे भूकंपात गेलेल्यांसाठी एक ज्योत कायम तेवत असते, आणि दर १७ जानेवारीला पहाटे लोक दिवे लावून ५:४६ ची वाट बघत उभे राहतात. आईने चप्पल काढून नमस्कार केला आणि काका-काकूंची नावं घेतली. नुनोबिकीचा रोपवे राहून गेला, लेक जरा हिरमुसली. मी तिला म्हटलं, पुढच्या ३० सप्टेंबरला तू आजीबरोबर किल्लारीला जायचंस.