तुम्ही विचारलंत म्हणून: मे महिन्यातले सिंह

“मॅडम, लॉटरी लागली होती का?” हे मला स्टाफरूममध्ये विचारून झालं, भाजीच्या गाड्यावर विचारून झालं, आणि एका पालकाने तर मुलाचं प्रगतिपत्रक हातात धरून विचारलं. परभणीकडच्या शाळेत भूगोल शिकवणारी बाई नणंदेला घेऊन आफ्रिकेत सिंह बघून येते म्हणजे काहीतरी घबाड मिळालं असणार, असा सगळ्यांचा समज. घबाड नव्हतं. पोस्टातली आरडी होती, आणि नणंद स्वतःच आरडीचे हप्ते गोळा करणारी असल्यामुळे तीन वर्षांत एकही हप्ता चुकवायची माझी टाप नव्हती. २०२५च्या मे महिन्यात नऊ दिवस केनिया, विमानासकट माणशी एक लाख बारा हजार. आता सगळं एकदाच सांगते.

ताडोब्याला जाऊन आलेल्यांना अर्धं गणित आधीच कळलेलं असतं. जिप्सीत दोघं बसा की सहा जण, जिप्सीचं भाडं बदलत नाही. केनियातही तसंच. गाडी, डिझेल आणि ड्रायव्हर यांचा खर्च ठरलेला, तो किती डोकी वाटून घेतात एवढाच प्रश्न. नवराबायको दोघंच गाडी करून निघाले की पाच रिकाम्या सीटांचे पैसेही तेच भरतात. म्हणून आम्ही नैरोबीहून निघणाऱ्या ‘ग्रुप जॉइनिंग’मध्ये दोन सीट घेतल्या. छप्पर वर उचलता येणारी व्हॅन, आत सात जण: एक स्पॅनिश जोडपं, दोन कोरियन विद्यार्थी, एक अबोल जर्मन आजोबा आणि आम्ही दोघी. तीन दिवस, दोन रात्री मसाई मारा अभयारण्य, जेवण आणि प्रवेश फी धरून माणशी ४३० डॉलर.

गणिताचा उरलेला अर्धा भाग तारखेत आहे. माराची परदेशी माणसाची फी जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. दिवस म्हणजे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तास. जुलै ते ऑक्टोबरमध्ये लाखो विल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखी दिसणारी दाढीवाली हरणं, शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून माराकडे येतात, मगरींच्या तोंडावरून नदी ओलांडतात, आणि ते बघायला सगळं जग लोटतं. एप्रिल-मे हा तिथला मोठ्या पावसाचा काळ, त्यामुळे गिऱ्हाईक कमी. आणि आपल्याकडे शाळांना सुट्टी कधी? मे महिन्यात! नोकरीत पहिल्यांदाच शिक्षण खात्याचं वेळापत्रक माझ्या फायद्याचं निघालं.

विल्डबीस्टचा तो महापूर आम्हाला दिसला नाही, हे मान्य. पण सिंह, हत्ती, जिराफ, तरस कुठे स्थलांतर करतात? ते बारा महिने तिथेच. एका ठिकाणी पाचपेक्षा जास्त गाड्यांनी थांबायचं नाही असा तिथे नियम आहे. गर्दीच्या दिवसांत तो किती पाळला जातो देव जाणे. आमच्या सिंहिणीजवळ मात्र आमची एकच गाडी होती. तीन बछडे तिच्या अंगावर चढून कान चावत होते, आणि ती त्यांच्याकडे, सातव्या तासाला बाई वर्गाकडे बघतात तशी बघत होती.

पावसाळ्यात जाण्याची किंमत मात्र मोजावी लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी सर कोसळली आणि आमची व्हॅन चिखलात रुतली. मारातल्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ड्रायव्हर म्हणाला, “ब्लॅक कॉटन सॉइल, ममा.” मी जोरात हसले, आणि त्याला वाटलं बाई घाबरून हसतेय. अहो, हीच माती मी दरवर्षी फळ्यावर लिहिते! रेगूर मृदा, ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. आमच्या वावरात तिने बैलगाड्या गिळल्यात, तिथे व्हॅनची काय कथा. नणंद म्हणाली, “वहिनी, पाच हजार किलोमीटर येऊन शेवटी आपल्याच रानात फसलो.”

पार्कात गाडीतून खाली उतरायचं नसतं. ड्रायव्हरने वायरलेसवर दुसरी गाडी बोलावली, इंजिन बंद केलं आणि “हाकुना शिदा” म्हणून पाय लांब केले. म्हणजे काही अडचण नाही. दीड तास. पत्र्यावर पाऊस, आत ओल्या रेनकोटांचा वास, जर्मन आजोबांनी सगळ्यांना एकेक बिस्कीट दिलं. समोर वाळवीचं उंच वारूळ होतं आणि त्यावर चारही पाय जुळवून एक तांबूस, जांभळ्या मांड्यांचं हरीण उभं होतं. ड्रायव्हर म्हणाला, “टोपी.” नणंदेने पटकन डोक्यावर हात नेला, आपली टोपी उडाली की काय म्हणून. त्या जनावराचं नावच टोपी. उंचावरून चौफेर नजर ठेवायला ते असं वारुळावर चढतं. दीड तासात ते फार तर चार वेळा हललं असेल. पाऊस त्याच्या पाठीवरून ओघळत होता, मधूनच कान झटकायचं, आणि दूर कुठे तरी गवत हललं की अख्खं अंग ताठ. गाडी चालू असती तर आम्ही त्याला अर्धा मिनिटसुद्धा दिला नसता.

टोपीवरून आठवलं, टोपी घालणारेही भेटतात. आम्हाला एकाने तीन दिवसांचे २५० डॉलर सांगितले, फीसकट! दोनदा आत गेलं तरी २०० डॉलर नुसती फी, मग उरलेल्या पन्नासात गाडी, तंबू आणि सहा वेळचं जेवण कुठून येणार? म्हणून पैसे भरण्याआधी एकच गोष्ट विचारा: तीन दिवसांत पार्कात आत किती वेळा नेणार, आणि प्रत्येक वेळची फी धरली आहे का? आमच्या सौद्यात दोनच प्रवेश होते. पहिली संध्याकाळ गेटबाहेर मसाई गुराख्यांच्या गाईंमागे फिरण्यात गेली, आणि ती फुकट होती. ज्यांच्याकडून आम्ही सफारी घेतली त्यांनी तंबूत गरम पाणी आहे म्हणून सांगितलं होतं. गरम पाण्याचा नळ होता, हे खरं. मारा चांगल्या उंचीवर आहे आणि पहाटे हुडहुडी भरते, तेव्हा स्वेटर न्या आणि अंघोळीचं मनावर घेऊ नका.

मला विचाराल तर पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले ते हेल्स गेटला. नैवाशा सरोवराजवळचं हे छोटं उद्यान, आणि इथे पायी किंवा सायकलवर फिरायला परवानगी आहे. गाडी नको, गाईड नको. नैरोबीहून नैवाशाला मटाटूने गेलो. मटाटू म्हणजे आपली काळीपिवळी, फक्त गाणी जास्त मोठ्याने. प्रवेश फी तेव्हा २६ डॉलर होती. नंतर उद्यानांची नवी फी जाहीर झाली आहे, तेव्हा निघण्याआधी ताजा आकडा बघा. फी ऑनलाइनच भरायची, गेटवर रोख घेत नाहीत. गेटजवळ भाड्याची सायकल मिळते. ब्रेक आधी दाबून बघा, पहिली सायकल आम्ही परत केली.

नणंदेने वीस वर्षांत सायकल चालवली नव्हती. दोन्ही बाजूंना लाल कडे, मधून मातीचा रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला झेब्रे चरताहेत, आपल्याकडे म्हशी चरतात तसे. स्वाहिलीत झेब्र्याला ‘पुंडा मिलिया’ म्हणतात, पट्ट्यांचं गाढव. आम्ही जवळ गेल्यावर एकाने मान वर केली आणि कुत्र्याच्या पिल्लासारखा क्याऊ क्याऊ भुंकला. मला तोवर झेब्र्याचा आवाज कसा असतो हेच माहीत नव्हतं, आणि मुलांना मी अठरा वर्षं गवताळ प्रदेशातले प्राणी शिकवतेय. पुढे शेपटी अँटेनासारखी ताठ करून रानडुकरांचं अख्खं कुटुंब आडवं पळालं. रानरेडे दिसले तेव्हा मात्र आम्ही सायकली वळवल्या. तेवढी अक्कल शेतकऱ्याच्या घरात जन्मल्यावर असतेच.

रेल्वेचं थोडक्यात सांगते. नैरोबी ते मोंबासा ही २०१७ साली सुरू झालेली गाडी त्सावोच्या जंगलातून जाते. साध्या वर्गाचं तिकीट १५०० शिलिंग, म्हणजे साधारण हजार रुपये. खिडकीतून आम्हाला त्सावोचे तांबड्या मातीत न्हालेले लाल हत्ती दिसले, दोन कळप. रुळांखालून हत्तींना जायला बोगदे ठेवलेत. जुनी रेल्वे बांधायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. १८९८ साली त्सावोच्या पुलावर दोन सिंहांनी याच मजुरांना उचलून नेलं होतं. थंड डब्यात बसून शेंगदाणे खाताना हे आठवलं आणि मूठ तशीच राहिली.

खायचे हाल झाले नाहीत. केनियात चपाती घरोघरी खातात, वर घेवड्याची उसळ, बाजूला कचुंबर, त्याला म्हणतातही ‘कचुंबारी’. पैशाला पेसा, दुकानाला डुका, गाडीला गारी, विम्याला बिमा, चहाला चाय. नणंदेने दुसऱ्या दिवसापासून सरळ मराठीतच घासाघीस सुरू केली आणि तिचं अडलं नाही.

जिथे काटकसर करायची नाही ती ठिकाणं सांगते. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. लस घेतल्याच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक नसेल तर परत आल्यावर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. व्हिसा आता लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन परवानगी काढावीच लागते. पाण्याची स्टीलची बाटली न्या, उद्यानांत एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांना बंदी आहे. आणि ड्रायव्हरची टीप. ती हिशेबात आधीच धरा. चिखलातून गाडी निघाल्यावर तो माणूस गुडघ्यापर्यंत काळा झाला होता, आणि रात्री दहाला गाडी धूत होता, कारण पहाटे सहाला गेट उघडतं.

एक गोष्ट हिशेबात नव्हतीच. नैरोबीहून माराला जाताना घाटाच्या तोंडाशी व्हॅन थांबते. खाली खचदरी. फळ्यावर मी दोन समांतर रेषा काढते, मधला भाग खाली सरकवते, बाण दाखवते आणि खडू ठेवते. तिथे कठड्याला टेकून बघितलं तर पलीकडचा काठ धुक्यात दिसतच नव्हता. शेजारी एक बाई निखाऱ्यावर कणीस भाजत होती, लिंबाच्या फोडीने वर तिखट चोळून दिलं तिने, अगदी आपल्यासारखं. नणंदेने वहीत लिहिलं: कणसं दोन, शंभर शिलिंग, महाग.

ती आता म्हणतेय, जुलैत जाऊ, विल्डबीस्ट नदी ओलांडताना बघू. फी दुप्पट असते म्हटलं तर म्हणाली, आरडी दुप्पट करू. जुलैत मला रजा मिळत नाही. तिने एकटीने जावं, सायकल आता येतेच तिला.